विचर ३ : चांगलं करायला गेलो आणि अख्खं गाव गेलं

आधीच सांगून ठेवतो, खाली स्पॉयलर आहेत आणि भरपूर आहेत. गेम मे २०१५ मधला, पाच कोटींच्या वर कॉपी विकल्या गेल्यात, त्यामुळे बऱ्याच जणांचा खेळून झाला असेल, पण मी मात्र गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा खेळलो. पणजीहून काम आटपून डिचोलीला घरी यायचं, जेवायचं आणि मग रात्री दहा ते साडेबारा. मध्येच वाऱ्याने माडाचं चुडत तारांवर पडलं की लाईट गेली, इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक बल्ब, गेम बंद, आणि मी तिथंच खुर्चीत बसून विचार करतोय की आत्ता जे केलं ते बरोबर केलं का. लढाईत हरलो म्हणून कधी असं बसलो नाही. एका माणसाला काय उत्तर दिलं त्यावरून बसलो, आणि हे एकदा नाही, दहा-बारा वेळा झालं.

थोडक्यात ओळख करून देतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा गेम, आंद्रेय सापकोव्हस्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांतली पात्रं घेऊन केलेला. तुम्ही गेराल्ट असता, पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस, ज्याला विचर म्हणतात. मुलीसारखी वाढवलेली सिरी हरवलीये, तिला शोधायचंय. बाकी घोडा, तलवारी, औषधं, जादू हे सगळं आहेच, ग्राफिक्स डिसेंबर २०२२ च्या फुकट अपडेटनंतर तर फारच सुंदर झालेत, पण मला त्यावर लिहायचंच नाहीये. मला लिहायचंय ते हा गेम तुम्हाला निर्णय घ्यायला लावतो आणि मग त्याचं काय करतो यावर.

नैतिक निर्णय असलेले गेम मी आधीही खेळलोय. मास इफेक्टमध्ये चांगलं वागलं की निळे पॉईंट, उर्मट वागलं की लाल पॉईंट. स्टार वॉर्सच्या त्या २००३ च्या गेममध्ये उजेडाची बाजू आणि काळोखाची बाजू. मजा येते, नाही असं नाही, पण दोन तासांत कळतं की आपण माणसांशी बोलत नसून मीटर भरतोय, आणि एकदा मीटर भरायला लागलो की समोरचा काय म्हणतोय ते वाचायची गरजच राहत नाही, वरचा ऑप्शन दाबला की झालं. जुन्या गेमचंही सांगायला हवं, १९८५ च्या अल्टिमा ४ मध्ये तर हरवायला कोणी व्हिलनच नव्हता, आठ सद्गुण अंगी बाणवायचे हाच गेम, आणि त्यात एक आंधळी वनौषधी विकणारी होती, तिला दिसत नसल्यामुळे किती पैसे ठेवायचे ते तुमच्यावर. कमी ठेवले तर ती काही बोलायची नाही, पण गेम आत कुठेतरी लिहून ठेवायचा. मला ही कल्पना अजूनही फार आवडते. पण तिथंही बरोबर काय हे ठरलेलंच होतं, फक्त तुम्ही करता की नाही एवढाच प्रश्न होता.

विचर ३ मध्ये बरोबर काय हेच ठरलेलं नाही, आणि कुठलाही मीटर नाही.

सुरुवातीच्याच व्हाइट ऑर्चर्ड गावात एक लोहार आहे, विलिस, बुटक्यांच्या म्हणजे ड्वार्फ जमातीतला. त्याचं दुकान कोणीतरी रात्री जाळलंय. गाव जिंकून बसलेल्या निल्फगार्डच्या सैन्यासाठी तो काम करतो म्हणून गावकरी त्याच्यावर खार खाऊन. मी पायाचे ठसे, रक्ताचे डाग बघत बघत नदीकाठी गेलो आणि जाळणारा सापडला, नॅप नावाचा गावातलाच एक बेवडा. दारूच्या नशेत केलं म्हणाला, सोड मला, पैसे देतो. मी म्हटलं छे, लाच कशाला घेऊ, लोहाराचं नुकसान झालंय, आणला त्याला धरून. मला वाटलं दंड भरेल, भट्टी परत उभी करायला राबेल, गावात चार शिव्या खाईल. लोहाराने सैनिकांना हाक मारली आणि ते त्याला फाशी द्यायला घेऊन गेले. एवढंच. लोहाराने माझे पैसे दिले आणि मालावर सूट दिली. मी स्क्रीनकडे बघत राहिलो, कारण मी काही वाईट केलेलं नव्हतं, नियमाने वागलो होतो, फक्त नियम कोणाच्या हातात आहे ते बघितलं नव्हतं.

इथं मला एक घरचं सांगावंसं वाटतं. आमच्या घराजवळ एक वळण आहे, तिथं दोन वर्षांपूर्वी दोन स्कूटर समोरासमोर धडकल्या, एका मुलाचा पाय मोडला. मी पंचायतीला पत्र लिहिलं, वळणावर आरसा बसवा, स्पीड ब्रेकर घाला. आणि पत्र जोरदार व्हावं म्हणून एक वाक्य घातलं की वळणावर गाडे उभे असतात त्यामुळे समोरची गाडी दिसत नाही. आरसा आजपर्यंत आला नाही. पंधरा दिवसांत गाडे मात्र उठवले. त्यातला एक गाडा ज्या काकींचा होता त्यांच्याकडे मी शाळेत असल्यापासून रस ऑमलेट, म्हणजे रश्श्यातलं ऑमलेट, खात होतो, वरून कांदा चिरून टाकायच्या, लिंबाची फोड पिळायच्या आणि मला कडक पाव लागतो म्हणून दोन पाव बाजूला काढून ठेवायच्या. आता त्या दुसऱ्याच्या हॉटेलात चपात्या लाटतात. भेटल्या की अजून तसंच हसून विचारतात, आई बरी आहे ना रे. पत्र कोणी लिहिलं ते त्यांना माहीत नाही. नॅपला घेऊन गेले तेव्हा मला काकींचा तो रिकामा कोपरा दिसला, जिथं अजून स्टोव्हच्या तेलाचा काळा डाग आहे. कुठल्या गेमने मला असं आठवायला लावलं नव्हतं, म्हणून मी हा रिव्ह्यू लिहायला बसलोय.

त्याच गावात एक लीना नावाची मुलगी आहे, राक्षसाच्या हल्ल्यात जखमी, मरायला टेकलेली. विचरचं औषध दिलं तर वाचेल कदाचित, पण ते साध्या माणसाच्या शरीराला झेपणारं नाही. मी दिलं. मग विसरून गेलो, नकाशा पुढे सरकला, कितीतरी तासांनी एका लष्करी छावणीत एक सैनिक भेटतो आणि कळतं की ती त्याची प्रेयसी, जगली, पण डोकं ठिकाणावर राहिलं नाही. तोपर्यंत माझे आधीचे सगळे सेव्ह, म्हणजे जिथून परत खेळता येतं त्या जागा, पुसले गेलेले, आणि असते तरी वीस तास मागे कोण जाणार. ही युक्ती या कंपनीने २००७ च्या पहिल्या विचरपासून वापरलीये, तिथंही तुम्ही एका ठिकाणी शस्त्रांच्या पेट्या कोणाला नेऊ देता आणि पुढच्या भागात ज्या माणसाकडून माहिती हवी असते तोच मेलेला सापडतो, त्याच लोकांच्या हातून. परिणाम लांबणीवर टाकायचा म्हणजे खेळणारा परत लोड करून दुसरा ऑप्शन दाबू शकत नाही. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण सगळा फरक तिथंच पडतो, कारण लगेच परिणाम दिसला की आपण निर्णय घेत नाही, दोन्ही उत्तरं चाखून बघतो आणि गोड ते ठेवतो.

आता ब्लडी बॅरन. व्हेलेन नावाचा दलदलीचा मुलूख, युद्धाने उद्ध्वस्त झालेला, झाडांना माणसं लटकलेली, आणि तिथला स्वतःच मालक होऊन बसलेला हा बॅरन, दारुडा, बायकोला मारणारा. बायको अ‍ॅना आणि मुलगी तमारा घर सोडून गेल्यात, शोधून दे, मग सिरीबद्दल सांगतो असं म्हणतो. शोधता शोधता कळतं की मारहाणीत अ‍ॅनाचा गर्भ पडला, आणि नाव न देता पुरलेल्या त्या बाळाचं पिशाच्च झालंय, बॉचलिंग म्हणतात त्याला. त्याला मारून टाकता येतं, लढाई काही फार अवघड नाही. किंवा मग बापाने त्याला उचलून, हातात धरून, घरापर्यंत चालत आणायचं, नाव द्यायचं आणि उंबरठ्याखाली पुरायचं. मी दुसरं केलं. पाऊस, रात्र, तो अवाढव्य माणूस ते विद्रूप बाळ छातीशी धरून चालतोय, ते मध्येच चिडून चावायला उठतं, गेराल्ट जादूने शांत करतो, की परत चालायला लागायचं. उंबरठ्याशी आल्यावर तो तिला नाव देतो, डेआ. मी बॅरनला मनातून कधीच माफ केलेलं नाही, पण त्या पाच मिनिटांत मी कंट्रोलर खाली ठेवला आणि नुसतं बघितलं. गेम तुम्हाला त्या माणसाबद्दल एक मत बनवू देतच नाही.

आणि मग ती टेकडी. दलदलीत तीन म्हाताऱ्या चेटकिणी आहेत, क्रोन्स, त्यांच्याकडे अनाथ मुलं ठेवलीयेत, त्यांना सांभाळायला अ‍ॅना. जवळच्या डाउनवॉरन गावचे लोक क्रोन्सना घाबरून असतात, कान कापून देण्यापर्यंत. गावचा मुखिया सांगतो टेकडीवरच्या झाडाखाली काहीतरी वाईट आहे, माणसं मरतायत, संपव त्याला. गेलात की झाडाखाली एक हृदयासारखं धडधडणारं काहीतरी असतं आणि ते तुमच्याशी बोलतं. म्हणतं मला मारू नकोस, सोडव, त्या म्हाताऱ्या पोरांना खाणार आहेत, मी पोरांना वाचवीन.

गोव्यात वाढलेल्या माणसाला हा सीन जरा वेगळाच लागतो. आमच्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार असतो, देवचार असतो, म्हणजे गाव राखणारं न दिसणारं दैवत, त्याच्या झाडाखालून जाताना आम्ही लहानपणी आवाजही खाली करायचो. त्यामुळे झाडातलं कोणी बोललं तर मी ऐकणारच. मी त्याला सोडवलं. पोरं वाचली. आणि त्याने बाहेर पडून पहिल्यांदा काय केलं, तर डाउनवॉरन गाव कापून काढलं. घराघरात प्रेतं. पुढे क्रोन्सनी पोरं गेल्याचा राग अ‍ॅनावर काढला, तिचं रूपच बदलून टाकलं, शाप उतरवला तेव्हा ती माणूस म्हणून मेली, आणि बॅरनने गळफास लावून घेतला. मी परत गेलो तेव्हा अंगणातल्या झाडाला लटकत होता.

चवथीला धाकटा भाऊ पुण्याहून घरी आला. त्याने हा गेम कॉलेजात असताना संपवलाय, आणि गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना, म्हणजे मी स्टुलावर उभा आणि तो खालून सुपारीचे घड देतोय, आमचं हेच सुरू झालं. त्याने झाडातल्याला मारलं होतं. त्याच्याकडे गाव वाचलं, बॅरन जिवंत, वेड लागलेल्या बायकोला घेऊन दूर डोंगरांकडे वैद्य शोधायला निघून गेला. पण पोरं गेली. तो म्हणतो, दादा, तू एका अनोळखी भुताच्या शब्दावर गाव दिलंस. मी म्हटलं, तू चेटकिणींच्या सांगण्यावरून पोरं दिलीस. आवाज वाढला तशी आई नेवऱ्या तळायच्या सोडून बाहेर आली, काय झालं विचारायला लागली, आणि आम्ही दोघांनी तिला सगळी गोष्ट सांगितली, इंग्लिश डायलॉग होते ते आमच्या भाषेत करून. तिने पूर्ण ऐकलं. मग मला म्हणाली, झाडाखाली कोणीतरी एवढं बांधून ठेवलेलं, ते का बांधलं हे तू गावात कोणाला विचारलंस का? नाही विचारलं. आणि भावाला म्हणाली, आणि तुला मुलं दिसली होती ना दलदलीत, त्यांच्याशी खेळलास ना, मग परत बघायला गेलास का त्यांना? तो गप्प. खरंच पोरांबरोबर लपाछपी खेळायचा भाग आहे त्या क्वेस्टमध्ये, म्हणजे गेममधल्या त्या कामगिरीत. मग ती आत गेली कारण तेल तापलं होतं.

मला वाटतं या गेमचं मोठेपण यात आहे की माझ्या आईसारख्या बाईला, जिने आयुष्यात कंट्रोलर धरला नाही, ती गोष्ट ऐकून दोन्ही पोरांना प्रश्न विचारता आले आणि दोन्ही प्रश्न खरे होते. गेममध्ये तसं बघायला गेलं तर गावात विचारूनही पूर्ण सत्य हाती लागत नाही. भावाच्या खेळातही सगळं आलबेल नाहीच, बॅरन निघून गेल्यावर गढी त्याच्या सार्जंटच्या हातात जाते आणि आजूबाजूच्या लोकांचे हाल आणखी वाढतात. म्हणजे बायकोला मारणारा तो माणूस लोकांसाठी त्यातल्या त्यात बरा होता, हे पचवायला मला दोन दिवस लागले.

काही न करणं हाही निर्णय असतो हे मात्र मला फार उशिरा कळलं. नोव्हिग्राड शहरात राजा रॅडोविडला मारण्याच्या कटाची साइड क्वेस्ट आहे, मी ती केलीच नाही, मला सिरी महत्त्वाची, राजकारणात कशाला पडा असं वाटलं. त्यातच एका आधीच्या संवादात डायक्स्ट्राला, म्हणजे या कटात सामील असलेल्या पूर्वीच्या हेरप्रमुखाला, बाजूला ढकला असा ऑप्शन होता, मी दाबला, आणि गेराल्टने त्याचा पायच मोडला, त्यामुळे ती क्वेस्ट माझ्यासाठी तशीही बंदच झाली. शेवटी रॅडोविड निल्फगार्डविरुद्धचं युद्ध जिंकला. जादूगारांना जाळणारा, मग बुटके-एल्फ यांच्यामागे लागणारा माणूस सगळ्या उत्तरेचा राजा झाला, कारण मी हात झटकले होते. गेमने मला याची आधी कुठं सूचना दिली नाही, आणि देऊ नयेच.

पण तो पाय मोडण्याचा प्रकार मला अजिबात पटला नाही, आणि इथं मी गेमला माफ करणार नाही. ऑप्शनमध्ये लिहिलेलं एक आणि होतं दुसरंच, हा परिणाम नाही, ही लिहिणाऱ्याची चूक आहे. मी घेतलेल्या निर्णयाचं काही वाईट झालं तर मी ते उचलतो, पण जो निर्णय मी घेतलाच नाही त्याचं ओझं माझ्यावर टाकू नका. भाऊ तर सांगतो की ती राजाला मारायची क्वेस्ट केली तरी शेवटी तो हुशार डायक्स्ट्रा एकदम खुळ्यासारखा वागतो, आपल्याच साथीदारांना मारायला निघतो आणि तुम्हाला म्हणतो बाजूला हो. घाईत लिहिलंय हे कळतं.

सिरीच्या शेवटाबद्दल फार लिहीत नाही, ते ज्याचं त्याने बघावं. एवढंच सांगतो की तो पाच छोट्या प्रसंगांवर ठरतो, आणि त्यातला एकही मोठा वाटत नाही. ती खचलेली असताना तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकून खेळायचं की जाऊ दे, प्रत्येक गोष्ट जमायलाच पाहिजे असं नाही म्हणून प्यायला बसायचं. जादूगारिणींच्या बैठकीला तिला एकटीला जाऊ द्यायचं की मी पण येतो म्हणायचं. मी सगळीकडे काळजीने, बापासारखा, मी येतो, मी बोलतो, तू राहू दे, असंच केलं. मला वाटत होतं मी तिला जपतोय. गेमच्या हिशोबात मी तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतो. माझी बहीण आता बारावीला आहे, मेडिकल नको म्हणते, आणि गेल्या महिन्यात तिच्या कॉलेजच्या सरांना भेटायला मी निघालो तेव्हा तिने मला दारातच थांबवलं, मी बोलते म्हणाली. मी थांबलो. गेममुळे थांबलो असं म्हणणार नाही, पण तो बर्फातला सीन डोक्यात होता हे खरं.

तक्रारी आणखी आहेत. चालताना गेराल्ट दोन पावलं जास्तच सरकतो, मेणबत्ती विझवायची असते आणि तो टेबलाला वळसा घालत बसतो. घोडा कुंपणात अडकतो. सामानाची यादी म्हणजे नुसता पसारा, किलोकिलोने भंगार गोळा होतं. स्केलिगे बेटांच्या समुद्रात प्रश्नचिन्हांचा सडा टाकलाय आणि बहुतेक ठिकाणी बुडालेल्या पेट्याच, बोटीने फिरून जीव जातो, मी वीस-पंचवीस केल्या आणि सोडून दिलं, तुम्ही तेवढ्याही करू नका. सुरुवातीचे पाच-सहा तास संथ आहेत, त्यात बरेच जण सोडतात, पण लोहार आणि लीना तिथंच आहेत, म्हणून घाई करू नका.

घ्यायचा तर कम्प्लीट एडिशन घ्या, त्यात हार्ट्स ऑफ स्टोन आणि ब्लड अँड वाइन हे दोन्ही वाढीव भाग येतात, आणि पीसीवर सेलमध्ये फार स्वस्तात मिळतो. डिस्कवर पन्नास जीबी जागा ठेवा, आमच्यासारखं पावसाळ्यात नेट तुटत असेल तर डाऊनलोड दोन रात्री चालेल असं धरून चला. मराठी सोडा, हिंदी सबटायटलही नाहीत, आणि वाचायला खूप आहे, त्यामुळे इंग्लिश वाचायचा कंटाळा असेल तर अर्धी मजा जाईल. मोठ्यांचा गेम आहे, घरातल्या लहान मुलांसमोर लावू नका, व्हेलेनमधली प्रेतं आणि बाकीचं बरंच काही त्यांच्यासाठी नाही. ऑटोसेव्हच्या भरवशावर खेळा, पहिल्या खेपेला नेटवर कुठला ऑप्शन चांगला ते शोधू नका.

मी दुसऱ्यांदा सुरू केलाय. व्हाइट ऑर्चर्डमध्येच आहे, नॅप नदीकाठी बसलाय, पैसे घे आणि सोड म्हणतोय, आणि या वेळी सोडला तर जळलेल्या भट्टीसमोर उभ्या त्या लोहाराला जाऊन काय सांगायचं ते अजून ठरलं नाहीये.